सुई ओवून दाखव

मला बघायला पाहुणे आले तेव्हा होणाऱ्या सासूने पोलक्याच्या कडेला टोचलेली सुई काढून माझ्या हातात दिली. पिशवीतून दोऱ्याची रीळ काढली आणि म्हणाली, "ओवून दाखव." आमच्या खानदेशात मुलीला चालून दाखव, वाचून दाखव म्हणायची रीत जुनीच आहे. पण सुरतेहून आलेल्या या बाईला माझ्या वाचण्याशी घेणंदेणं नव्हतं. तिच्या घरी साड्यांवर खडे चिकटवायचं काम चालायचं, तिला तेज नजरेची सून हवी होती. मी दोऱ्याचं टोक जिभेवर ओलं केलं, सुई नाकाजवळ धरली आणि पहिल्या फटक्यात ओवली. सगळे खूष झाले. समोरच्या खाटेवर कोण कोण बसलंय ते मला दिसत नव्हतं. त्यातला नवरा कोणता हे मी आवाजावरून ठरवलं आणि तेही चुकलं. मी ज्याच्याकडं बघून लाजले तो त्यांच्या गाडीचा ड्रायव्हर होता.

मला दूरचं दिसत नाही हे मला माहीत होतं. सातवीत असताना शाळेत डोळे तपासायला लोक आले होते, त्यांनी मला नंबर सांगितला आणि एक काळ्या काड्यांचा चष्मा फुकट दिला. तो घालून मी घरी आले तर मायने तो उतरवून घेतला आणि पत्र्याच्या पेटीत, लग्नातल्या शालूच्या खाली ठेवून दिला. चष्मेवाल्या मुलीचं लग्न जमत नाही, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. वडील तेव्हा ओट्यावर बसून डोळे बारीक करून रस्त्याकडं बघत होते. त्यांना आयुष्यभर सगळे गर्विष्ठ म्हणायचे, कारण ते समोरून येणाऱ्या माणसाला ओळख देत नसत. ते गर्विष्ठ नव्हते, त्यांना माणूसच दिसत नव्हता. पण तेव्हा तेही काही बोलले नाहीत आणि मीही बोलले नाही.

तो चष्मा मी परत कधी घातला नाही.

लग्न होऊन मी सुरतेत, गोडादऱ्यात आले. वरच्या मजल्यावरची एक मोठी खोली, मागे मोरी, आणि एकच खिडकी. ती उघडली की शेजारच्या घराची भिंत, हात बाहेर काढला तर लागेल एवढी जवळ. दिवसाही ट्यूबलाइट लावूनच बसावं लागायचं. नवरा उधन्याला एका डाइंग मिलमध्ये, बारा तासांच्या पाळीत. सकाळी सासूबाई आणि मी खोलीच्या मधोमध साडी पसरायचो. काडीच्या टोकाला मेण, मेणाला खडा, खड्याखाली गोंदाचा ठिपका, की बसवला. मग पुढचा. एका साडीवर किती खडे असतात हे मी कधी मोजलं नाही, मोजलं असतं तर हातून काम झालं नसतं.

या कामात मी हुशार निघाले. गल्लीतल्या बायका चाळिशीनंतर चष्मा लावून, सुस्कारे टाकत खडे बसवायच्या आणि मी मोहरीएवढे खडे सरळ रेषेत बसवत जायची. माझी नजर जवळचंच बघण्यासाठी घडलेली होती. कोपरापर्यंत सगळं लख्ख, हातभर अंतरावर चालून जाईल असं, आणि त्यापुढं सगळं पाण्यात भिजलेल्या कागदावरच्या अक्षरांसारखं. सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, "मनी सूननी नजर देखा, घारनी नजर से." मी मान खाली घालून खडे चिकटवत राहायची.

बाहेर पडलं की मात्र माझी तारांबळ उडायची. बस जवळ येऊन थांबली तरी तिच्यावरचा नंबर वाचता यायचा नाही, म्हणून मी शेजारच्या बाईला विचारायची आणि अडाणी ठरायची. मी दहावी पास आहे, पण ते कुणाकुणाला सांगत बसणार. गल्लीतल्या बायका समोरून हसल्या तर मी सरळ पुढं निघून जायची, आणि मग पाणी भरायला गेले की टोमणा यायचा, "मॅडम आज आल्या वाटतं आमच्यात." वडिलांचा गर्विष्ठपणा माझ्याकडं असा चालत आला. माणसं मी चालण्यावरून ओळखायची, साडीच्या रंगावरून, खोकल्यावरून. दिवसभर अंदाज बांधायचा आणि तो चुकला की हसून निभवायचं. या अंदाजांनीच मी जास्त थकायची, कामाने नाही.

खरं सांगून मोकळं व्हावं असं कितीदा वाटलं. पण सांगायचं काय, की तुमची सुई मी ओवली ती फसवणूक होती? पहिलं वर्ष गेलं, मग दुसरं, आणि मग सांगायची वेळच निघून गेली. सांगितलं असतं तर चष्म्यापेक्षा लपवल्याचाच जास्त बोभाटा झाला असता.

मग मुलगी झाली.

आता जे सांगणार आहे ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. मुलगी चालायला लागली तशी तिला बाकीच्या पोरांसारखं गल्लीत सोडायची वेळ आली. आमच्या गल्लीतली पोरं कोपऱ्यावरच्या मोकळ्या प्लॉटपर्यंत पळायची, आणि त्यांच्या आया दारात उभ्या राहून, भाजी निवडत निवडत त्यांच्याकडं नजर ठेवायच्या. मला दारातून कोपरा दिसायचा नाही. कोपऱ्यावर रंगांचे ठिपके हलायचे, त्यातला माझा कोणता हे कळायचं नाही. एकदा ती तासभर दिसली नाही म्हणून मी आरडाओरडा केला, तर ती वीस पावलांवर ओट्यावर बसलेली. त्या दिवसापासून मी तिला खाली सोडणं बंद केलं. मला दिसायचं तेवढ्या जागेत, म्हणजे हातभर अंतरात, मी तिला ठेवलं.

हातभर अंतरात होतं काय, तर साडी आणि खडे. चौथ्या वर्षी ती खडे रंगाप्रमाणे वाटीत निवडायची. सहाव्या वर्षी तिच्या हातात मेणाची काडी आली. शाळेतून आली की दप्तर टाकायची आणि माझ्या मांडीला मांडी लावून बसायची, अभ्यास केला तर तिथंच, साडीच्या काठावर वही ठेवून, वाकून. बायका म्हणायच्या, "काय गुणाची पोर आहे, अजिबात बाहेर भटकत नाही." मला बरं वाटायचं. पोरगी माझ्यासमोर आहे, मला दिसते आहे, एवढंच मी बघत होते.

ती पाचवीत गेली तेव्हा शाळेच्या डायरीत टीचरनी लिहून पाठवलं: मुलीला फळ्यावरचं दिसत नाही, शेजारणीच्या वहीतून उतरवते, डोळे तपासून घ्या.

मी ते तीनदा वाचलं. डायरी नाकाजवळ धरून वाचलं, आणि मला सगळं कळलं.

सासूबाईंना डायरीतलं वाचून दाखवलं. त्या जोरात हसल्या. "दिखत नही? माले दाखाड." पोलक्याच्या कडेची सुई काढली, तीच जागा, तशीच सुई. "हाई सुई वव बरं, बेटा." मुलीने दोरा ओला केला, सुई नाकाजवळ धरली आणि पहिल्या फटक्यात ओवली. सासूबाईंनी टाळी वाजवली. "देखं? डोया चांगला शेतस. मायवर गयी पोर."

ती माझ्यावर गेलीय हे त्यांना वाटत होतं त्यापेक्षा कितीतरी जास्त खरं होतं. सुई ओवता आली म्हणजे डोळे चांगले असं नसतं, हे त्या खोलीत एकट्या मला माहीत होतं. मी तेव्हा बोलायला हवं होतं. एक वाक्य होतं ते. पण त्या एका वाक्यामागून आणखी दहा वाक्यं आली असती, तुला कसं माहीत, कधीपासून माहीत, आम्हाला का नाही सांगितलं. समोर अर्धी साडी पडलेली होती, ती सकाळी द्यायची होती. माझ्यात त्राण नव्हतं असं मी स्वतःला सांगितलं. खरं तर मी घाबरले होते.

डायरीत मी लिहिलं: घरी तपासलं, दिसतं. खाली सही केली.

मुलगी माझ्याकडं बघत होती. तिने विचारलं, "मग मला फळ्यावरचं का नाही दिसत?" मी म्हणाले, "लक्ष देऊन बघत जा."

पुढचं सव्वा वर्ष ती लक्ष देऊन बघत राहिली. मार्क कमी पडायला लागले. टीव्ही बघायला अगदी पुढं जाऊन बसायची, आजी तिला मागे ओढायची, ती परत पुढं सरकायची. कपाळावर दोन भुवयांच्या मधे एक आठी पडली, तशी माझ्या वडिलांना होती. मी ती आठी बोटाने दाबून सरळ करायची, जणू काय तेवढ्याने भागणार होतं.

शेवटी घडलं ते भर दुपारी, शाळेच्या दारात.

ती सहावीत होती. शाळा रस्त्याच्या पलीकडं, मी नेहमी फाटकापाशीच जाऊन उभी राहायची. त्या दिवशी तिथं रस्ता खोदलेला होता म्हणून मी अलीकडच्या बाजूला, उसाच्या रसाच्या गाडीजवळ थांबले. शाळा सुटली. निळ्या कपड्यांचा लोंढा बाहेर आला, पांगला, रिक्षांमध्ये भरला, निघून गेला. मी बघत होते. फाटकाशी एक निळा ठिपका उरला होता, पण तो हलत नव्हता. माझी पोर असती तर पळत आली असती, असं मला वाटलं. ऊन डोक्यावर चढलं. मला राग येत होता की ही आतमध्ये कुठं रेंगाळलीय. बराच वेळ गेला, आणि रसवाली बाई गुजरातीत मला म्हणाली, "बेन, सामे ऊभी छे ए तमारी छोकरी नथी? क्यारनी तमारी सामे जुए छे." समोर उभी आहे ती तुमचीच ना, कधीची तुमच्याकडं बघतेय.

ती माझीच होती. मला ती ओळखू येत नव्हती आणि तिला मी. मधे एक रस्ता होता, फार मोठा नव्हता. आम्ही दोघी एकमेकींकडं तोंड करून, एकमेकींची वाट बघत उभ्या होतो. मी रस्ता ओलांडून जवळ गेले तेव्हा तिने माझी साडी आधी ओळखली, मग मला. रडत नव्हती. म्हणाली, "मला वाटलं तू विसरलीस."

फाटकातून टीचर हे सगळं बघत होत्या. त्या बाहेर आल्या, शांतपणे म्हणाल्या, "आता तरी घेऊन जा. मी डायरीत परत लिहिणार नाही." त्यांच्याकडं वर बघायची माझी हिंमत झाली नाही.

डोळ्यांच्या दवाखान्यात सासूबाई बरोबर आल्या, त्यांच्याशिवाय आमच्या घरातलं कुणी दवाखान्यात जात नाही. डॉक्टर बाई तरुण होत्या. त्यांनी मुलीच्या डोळ्यांत थेंब टाकले, बसवून ठेवलं, मशिनीत बघितलं, मग काचा बदलत बदलत विचारत गेल्या, हे दिसतं, हे दिसतं? सव्वातीन नंबर निघाला, दोन्ही डोळ्यांना. मग कागद ओढून हिंदीत विचारलं, "घर में किसी को चश्मा? मम्मी को, पप्पा को?"

मी तोंड उघडायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "आमना घरमा कोनलेच नही. हाई मोबाईलनं काम से." आमच्या घरात कुणाला नाही, ही मोबाईलची करणी. स्वतःचा चाळिशीचा चष्मा त्या मोजतच नव्हत्या.

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. मी साडीचा पदर बघत बसले. कागदावर त्यांनी 'नहीं' लिहिलं असणार. मग त्यांनी समजावलं की वाकून, जवळून काम फार नको, मधे मधे उठून लांब बघायचं, रोज दिवसाउजेडी बाहेर खेळायचं. मान हलवायला मी तयारच होते. सव्वातीन म्हणजे एका दिवसात झालेलं नाही, असंही त्या म्हणाल्या, पण सासूबाईंच्या डोक्यात 'मोबाईल' एवढंच बसलं होतं.

घरी आल्यावर मोबाईल कपाटात गेला. खरं सांगायचं तर मुलीच्या हातात तो शाळेच्या अभ्यासापुरता, फार तर अर्धा तास असायचा. पण तिला सगळ्यांसमोर बोलणी बसली, ती पण रोज. पाहुणे आले की सासूबाई तिच्या चष्म्याकडं बोट दाखवायच्या, "मोबाईलनी डोया बिघाडी टाकात पोरना." पाहुणे चुकचुकायचे. पोर खाली मान घालून बसायची. नवरा पाळीवरून दमून यायचा, तोही दोन शब्द ऐकवायचा. आणि मी ताटं वाढत राहायची.

तिला वाटायला लागलं की तिने स्वतःचे डोळे घालवलेत. ती गाजरं खायला लागली, कच्ची, रोज एक, तोंड वेडंवाकडं करत. टीव्ही लागला की भिंतीकडं तोंड करून बसायची. पण खडे चिकटवायचं काम मात्र सुटलं नाही, कारण ते काम, मोबाईल नव्हे. उलट मोबाईल नाही म्हणून ती जास्तच वेळ साडीवर वाकलेली असायची, आणि आम्हाला वाटायचं की आता पोर सुधारली. बाहेर खेळायला पाठवा असं डॉक्टर म्हणाल्या होत्या ते मी सासूबाईंना आठवण करून दिलं नाही. मला अजूनही कोपरा दिसत नव्हता ना.

सहा महिन्यांनी परत दाखवायला बोलावलं होतं. नंबर आणखी अर्धा वाढला होता.

डॉक्टर बाईंनी मुलीला विचारलं, "बेटा, मोबाईल बहुत देखती हो?" आणि पोरीचा बांध फुटला. हुंदके देत, मराठी-हिंदी-गुजराती सगळं मिसळून ती सांगायला लागली की ती मोबाईल बघत नाही, सहा महिन्यांत हातसुद्धा लावलेला नाही, गाजर पण खाते, टीव्ही पण बघत नाही, सच्ची, तरी पण होतं, तिला माहीत नाही का होतं. चष्मा काढून तिने डोळे पुसले आणि माझ्याकडं बघितलं. मी तिला लागूनच बसले होते. तिचा चेहरा मला अगदी लख्ख दिसत होता.

मी म्हणाले, "मला आहे."

डॉक्टरांना कळलं नाही. मी हिंदीत परत सांगितलं, "मुझे है. बचपन से. मेरे पिताजी को भी था."

सासूबाई म्हणाल्या, "काय से तुले?"

"आत्याबाई, मला लांबचं दिसत नाही. लग्नाच्या आधीपासून दिसत नाही."

डॉक्टरांनी मला खुर्चीवर बसवलं. समोर भिंतीवर अक्षरांचा तक्ता. त्या म्हणाल्या वाचा. मला सगळ्यात वरचं मोठं अक्षर दिसलं, त्याखाली काही नाही. सासूबाई बाजूला उभ्या होत्या, त्यांना चाळिशीचा चष्मा असूनही दोन ओळी पुढचं वाचता येत होतं, त्या ओठातल्या ओठात वाचतही होत्या. मग त्या माझ्याकडं वळल्या. म्हणाल्या, "मंग सुई कशी ववी तू?"

डॉक्टरांनी विचारलं, कसली सुई. त्यांना सांगितल्यावर त्यांना हसू आलं, पण त्यांनी ते आवरलं. असल्या नजरेला जवळचं उलट छान दिसतं, म्हणाल्या. मग मात्र त्या हसल्या नाहीत. आईबापांत कुणाला असलं तर मुलांना व्हायची शक्यता वाढते, त्यात दिवसभर घरात बसून बारीक काम, मग नंबर लवकर येतो आणि वाढतोही लवकर. असं घर असेल तर पोरांना लहानपणीच आणायचं असतं. आधी कळलं असतं तर वाढीला आवर घालायला जास्त वेळ मिळाला असता. अजूनही करता येईल, थेंब आहेत, बाहेरचा उजेड आहे, हे साडीचं काम बंद. "आप को मालूम था तो पहले क्यों नहीं बताया?" असं त्यांनी विचारलं. रागाने नाही विचारलं. मला रागाने चाललं असतं.

मुलगी माझ्याकडं बघत होती. तिचं रडणं थांबलं होतं. ती विचार करत होती, आणि तिचा विचार कुठं चाललाय हे मला दिसत होतं.

"मम्मी, म्हणजे आजीने मला सुई दिली तेव्हा तुला माहीत होतं?"

"हो."

"आणि तू डायरीत लिहिलंस दिसतं म्हणून."

"हो."

तिने चष्मा पुसून घातला आणि दाराकडं जाऊन उभी राहिली.

घरी आल्यावर सासूबाई एवढंच म्हणाल्या, "तुना मायबापनी फसाडं आमले." ते खरंच होतं, म्हणून मी ऐकून घेतलं. माझ्या मायबापांच्या बरोबरीने मीही फसवलं होतं, ते त्या बोलल्या नाहीत. दोन दिवस त्यांनी माझ्याकडून काही मागितलं नाही. तिसऱ्या दिवशी सुई आणि दोरा माझ्यासमोर आपटला आणि तोंड फिरवून बसल्या. मी ओवून दिली.

नवऱ्याला सांगितलं तेव्हा मला वाटलं तो चिडेल. तो पाय सोडून भिंतीला टेकून बसला होता. म्हणाला, "नवीन लग्न झालं तेव्हा मी कोपऱ्यावरून तुला हात करायचो. तू दारात उभी असायचीस, बघायचीस पण नाहीस. मला वाटलं तुला आवडत नाही. मग सोडून दिलं." मला त्याची फार कीव आली, आणि माझीही. तो हात करायचा ते एवढ्या वर्षांत मला कुणी सांगितलंही नाही.

माझा चष्मा आला. साडेतीन नंबर. तो घालून मी जिना उतरले तर पायऱ्या अंगावर आल्या. गल्लीच्या कोपऱ्यावर काय लिहिलंय ते दिसलं, तारांवर बसलेले पारवे दिसले, समोरच्या बाईच्या कपाळावरची टिकलीसुद्धा. डोकं दुखायला लागलं आणि मी परत वर गेले. आनंद वगैरे झाला असं म्हणवत नाही. एवढं सगळं होतं, आणि मी नव्हते त्यात, एवढंच मनात आलं.

मुलगी माझ्याशी कामापुरतं बोलत होती. डबा दे, पाणी दे, सही कर. सही करायला डायरी पुढं ठेवली की मी काय लिहिते ते ती वाकून वाचायची, आधी कधी वाचायची नाही. असे पंधरा दिवस गेले.

खड्यांचं काम मी आता ती शाळेत असते तेव्हाच करते. ती आली की साडी गुंडाळून ठेवायची आणि ऊन कलायच्या आत दोघींनी बाहेर पडायचं, असं ठरवलं. थोडं चालून गेलं की एक मोठं मैदान आहे, पोरं क्रिकेट खेळतात, कडेला म्हाताऱ्या बसलेल्या असतात. पहिले काही दिवस ती माझ्याजवळच उभी राहायची, पळायचं कुठं हेच तिला सुचायचं नाही. बारा वर्षांची पोर, मैदानात हात बांधून उभी. हे माझंच काम होतं. मी तिला जा म्हणायची आणि ती जायची नाही.

मग एक दिवस ती दहाबारा पावलं गेली, वळली, आणि हात वर केला. "किती बोटं?"

मी म्हणाले, "तीन."

ती मागे मागे चालत आणखी लांब गेली. "आता?"

"दोन."

आणखी लांब, क्रिकेटच्या पोरांच्या मधून. एक पोरगा ओरडला, तिने लक्ष दिलं नाही. "आता?" मी म्हणाले, "पाच." बाजूच्या म्हाताऱ्या बघायला लागल्या होत्या. ती हसत नव्हती. खेळ नव्हता तो. ती मला तपासत होती, जसं सासूबाईंनी मला तपासलं होतं, जसं मी तिला कधी तपासलं नव्हतं.

ती मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला, भिंतीपाशी गेली आणि तिथून हात वर केला. तिचा फ्रॉक दिसत होता, चष्मा उन्हात चमकलेला दिसत होता, हात वर आहे हेही दिसत होतं. पण बोटं किती, ते चष्म्यातूनही कळत नव्हतं, एवढ्या लांबून कुणालाच कळलं नसतं. तोंडावर 'चार' आलं होतं. अंदाज होता, आणि अंदाज बांधण्यात माझा हात कुणी धरला नसता. बरोबरही आला असता कदाचित.

ती वाट बघत होती. हात तसाच वर.

मी दोन्ही हात तोंडाशी धरले आणि चार माणसांत, गळा ताणून ओरडले, "नाही दिसत!"

तिने हात खाली घेतला. थोडा वेळ तिथंच उभी राहिली. मग चार पावलं माझ्याकडं आली आणि परत हात वर केला.